चौतीस नंबरची बाटली

मी चौतीस नंबरची बाटली बोलतेय. तपकिरी काचेची, पत्र्याच्या झाकणाची. आज माझ्या अंगावर नंबर नाही. पण १९६१ साली अमरावतीच्या एका क्षयरोग्यांच्या इस्पितळात तो होता, आणि त्या नंबराला एक बाई होती. तिचीच गोष्ट सांगायची आहे.

माझा जन्म कुठल्याशा भट्टीत झाला. आम्हा साठ बाटल्यांना पेंढ्यात बसवून, रेल्वेनं बडनेऱ्याला आणून, टांग्यातून इस्पितळात पोचवलं. खोकं उघडलं इंदूबाई तायड्यांनी. पेंढा झटकून त्यांनी मला उजेडात धरलं, कुठं तडा नाही ना ते पाहिलं, आणि चिठ्ठी चिकटवून तिच्यावर ३४ लिहिलं.

इंदूबाई अकोटच्या. वडील कापसाच्या जिनात मजूर. घरानं बुद्धाचा धम्म घेतला, त्याच्या पुढच्या वर्षी त्या मॅट्रिक झाल्या. इस्पितळातलं त्यांचं काम नवंच होतं. क्षयाच्या नव्या गोळ्या घरी राहून घेतल्या तर रोगी बरा होतो का, याची पाहणी चालली होती. त्यासाठी साठ रोगी शोधायचे, त्यांना सगळं समजावून अंगठा घ्यायचा, दर पंधरा दिवसांनी वजन करायचं, बाटलीत उरलेल्या गोळ्या मोजायच्या, कधीतरी न सांगता घरी जाऊन लघवी तपासायची आणि छापील तक्ता भरायचा. डॉक्टर महिन्यातून दोनदा सह्या करत. बाकी पाहणी इंदूबाईंच्याच पायांवर चालत होती. खात्री नसलेला आकडा त्या लिहीत नसत. रकाना रिकामा सोडत.

मी पार्बताबाईच्या वाट्याला आले. वय पंचेचाळीसच्या आसपास, नवरा वारलेला, इतवारा बाजारात मेथी-वांगी विकणारी. खोकल्यातून रक्त पडलं म्हणून आली होती.

"सकाळी एक, संध्याकाळी एक," इंदूबाईंनी बजावलं. "आन दुसऱ्या कोणाले द्यायची नाई. समजलं?"

"कोणाले देऊ बाई? घरात मी एकलीच हावो."

खरंच एकटी होती. पहिले दोन महिने तिनं एकही गोळी चुकवली नाही. मला देवाच्या फळीवर ठेवायची. तीन पौंड वजन वाढलं. इंदूबाईंनी काटा पुन्हा तपासला आणि हसल्या.

मग एक दिवस नांदगाव खंडेश्वरच्या एस.टी.नं जयवंता आली. पार्बताबाईची एकुलती एक लेक. पाचवा महिना चाललेला, आणि खोकला असा की बोलता बोलता खाली बसायची. सासरच्यांनी पिशवी भरून दिली होती, परत कधी ये ते सांगितलं नव्हतं.

पार्बताबाई तिला घेऊन इस्पितळात गेली. छातीच्या फोटोत दोन्ही फुप्फुसांवर डाग दिसले. पण गरोदर बाईला पाहणीत घ्यायचं नाही असा नियम होता. खाटा भरलेल्या. पाहणीबाहेरच्या रोग्यांसाठी गोळ्यांचा साठा अपुरा. जयवंताचं नाव वाट पाहणाऱ्यांच्या यादीत गेलं. नंबर एकाहत्तर. तो इंदूबाईंनीच लिहिला.

त्या संध्याकाळी पार्बताबाईनं माझं झाकण उघडलं, गोळी काढली आणि लेकीपुढं धरली.

"तुही हाये न माय ते?"

"माही सकाळी झाली. घे."

पंधरा दिवस असंच चाललं. मग सकाळचीही गोळी जयवंताकडं जाऊ लागली. "मले आता बरं वाटते, डॉक्टरनं बंद केल्या," असं आईनं तिला सांगितलं. ते खोटं होतं, आणि ते ऐकणारी तिसरी फक्त मी. माझ्या पोटातून निघालेली प्रत्येक गोळी कुणाच्या तोंडात जाते ते मी पाहत होते. ओरडावंसं वाटे. पण काचेला कुठला आवाज?

मोजणीला मी दर वेळी बरोबर निघायचे. तीस दिल्या, तीस संपल्या. वजन मात्र उतरू लागलं. इंदूबाई काट्याकडं बघत, मग माझ्याकडं बघत. मी नुसती रिकामी.

शेवटी एका दुपारी त्या न सांगता घरी आल्या. पार्बताबाईच्या लघवीत तपासणीच्या औषधाचा थेंब टाकला. गोळी घेतलेली असेल तर रंग यायला हवा होता. आला नाही. त्याच वेळी मोरीवरून जयवंता आली आणि सवयीनं माझ्याकडं हात नेला. इंदूबाईंना पाहून तो हात तिथंच थांबला.

इंदूबाईंनी मला फळीवरून खाली घेतलं.

"काहून केलं असं, पार्बताबाई?" इंदूबाईंनी विचारलं.

"तुमी लिवून राहिल्या का आता?"

"लिहावंच लागते. या कागदावरून पुढच्या हजारो लोकायचं औषध ठरणार हाये. मी खोटं लिहिलं त त्यायले चुकीचं औषध भेटन."

"ते हजारो लोक मले दिसत नाई, बाई. मले हे एकच दिसते."

जयवंताला तेव्हा कळलं की आईच्या गोळ्या बंद झालेल्या नव्हत्या. ती भिंतीला टेकून रडू लागली, रडता रडता खोकू लागली. इंदूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. जाताना त्यांनी मला पिशवीत टाकलं. आत सहा गोळ्या होत्या. दारातून परतल्या, त्या सहाही जयवंताच्या ओंजळीत ओतल्या, आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांच्या टेबलावर होते. इंदूबाईंनी घडलं ते सगळं सांगितलं, सहा गोळ्यांचंही. दोघींनाही औषध द्या म्हणून विनवलं. डॉक्टर वाईट नव्हते. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"तायडेबाई, कुणाच्या तोंडचं काढून देऊ? चौतीस नंबर पाहणीतून कमी करा. कारण लिहा, रुग्णाने सहकार्य केले नाही."

"साहेब, मुलीला दिल्या असं लिहू का?"

"तेवढी जागा आहे का रकान्यात?"

जागा नव्हती. दोन बोटांचा रकाना. डॉक्टरांनी सांगितलं तेच इंदूबाईंनी लिहिलं. टाक दोनदा कागदात रुतला.

मग त्या अर्ज लिहीत राहिल्या. अकोल्याला, नागपूरला, जिथं खाट असेल तिथं. सातव्या आठवड्यात अकोल्याच्या एका इस्पितळात जयवंताला जागा मिळाली. पार्बताबाईचं नाव आता वाट पाहणाऱ्यांच्या यादीच्या तळाशी होतं. तिच्यासाठी काही आलं नाही. मार्गशीर्षात ती गेली.

त्यानंतर नवव्या दिवशी इंदूबाई अकोल्याला निघाल्या. मला उकळून, चिठ्ठी खरवडून त्यांनी माझ्यात तिळाचं तेल भरलं होतं. जयवंताला मुलगी झाली होती, तिच्या मालिशीसाठी. साठ बाटल्यांतून मला मुद्दाम उचललं की हाताला लागले म्हणून, ते मला आजवर कळलेलं नाही.

वॉर्डाच्या दारातच, निरोप ऐकून, नर्सनं त्यांना थांबवलं. "आई गेल्याचं महिनाभर तरी सांगू नका. आत्ता कुठं ताप उतरला आहे."

जयवंता खाटेवर उठून बसली. गालांवर मांस आलं होतं.

"बाई, मायले गोळ्या चालू झाल्या न आता?"

इंदूबाईंनी मला तिच्या उशाशी ठेवलं. झाकण घट्टच होतं, तरी पुन्हा आवळलं.

"हो," त्या म्हणाल्या. "चालू झाल्या."

आता मी नांदगाव खंडेश्वरला असते, चुलीशेजारच्या कोनाड्यात. नवऱ्यानं जयवंताला परत नेलं. ती बरी आहे. आईचं तिला पुढं कळलं, त्या दिवशी तिनं पोरीला दिवसभर मांडीवरून खाली ठेवलं नाही. पोर आता पहिलीत जाते. इंदूबाई कुठल्या गावी आहेत ते मला ठाऊक नाही.

अंगावर चिठ्ठी नाही, म्हणून जयवंता मला ओळखत नाही. तेलाची जुनी बाटली, एवढंच समजते. तुम्हाला माझी गोष्ट कळली, आता एक मागणं आहे. कधी त्या घरी गेलात, तर मी कोण ते तिला सांगू नका. शाळेची वेळ होते, पोर कटकट करत पुढ्यात बसते, आणि जयवंता माझं झाकण फिरवून पोरीच्या केसांसाठी तळहातावर तेल घेते. तेवढा वेळ तिचा हात हलका असतो. तो तसाच राहू द्या.