तांड्याची सही

"जवाई, ते तार ठेवा खाली. पयले हे पाहा."

रामधननं मोटरसायकल रस्त्यातच उभी केली होती. तो दुकानात शिरला आणि मोबाईल थेट धनराजच्या नाकासमोर धरला. मानोऱ्याच्या बसस्थानकामागे धनराजचं मोटार-वाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी उघडायच्या, काळी पडलेली तार उपसायची, नवी भरायची, हे काम तो लग्नाआधीपासून करत आला होता. बायको मंत्री झाली तेव्हा लोकांना वाटलं, आता हा दुकानाला कुलूप लावील. "मंत्री ते हाय, मी नाई," असं म्हणून तो पुन्हा वॉर्निशच्या डब्याकडे वळला होता.

मोबाईलवर त्याची बायको रंजीताच दिसत होती. मंत्रालयातल्या पायऱ्या, तोंडासमोर दहाबारा माइक. आवाज तिचाच होता, पण भाषा कुणी तरी इस्त्री करून दिल्यासारखी.

"वीसपेक्षा कमी पट असलेल्या तांडा-वस्तीवरील शाळा नजीकच्या गावातील शाळेत समायोजित करण्याचा प्रस्ताव माझ्या खात्याने मांडला. मंत्रिमंडळाने तो एकमताने मंजूर केला आहे."

"समायोजित म्हंजे काय जी?" रामधननं विचारलं. तो रंजीताचा चुलतभाऊ. त्याच्या दोन्ही पोरी तांड्यातल्याच शाळेत होत्या.

धनराजला उत्तर माहीत होतं. त्यानं व्हिडिओ पुन्हा लावला. पुन्हा तेच शब्द.

"बंद," तो म्हणाला.

रामधन मटकन स्टुलावर बसला. "आपली बी?"

आपली म्हणजे पळसतांड्याची. आधी ती लिंबाखाली भरायची, मग दोन खोल्या झाल्या. रंजीता तिथंच शिकली. तांड्यात घरोघर गोरमाटी, म्हणजे बंजाऱ्यांची बोली, बोलतात. मराठीचा पहिला शब्द तिनं त्या खोलीत ऐकला. ऊसतोडीला निघालेल्या बापाच्या ट्रकमधून उडी मारून ती शाळेत पळाली होती, ही गोष्ट तिच्या प्रत्येक निवडणुकीत सांगितली जायची. पुढे ती सरपंच झाली, जिल्हा परिषदेत गेली, आमदार झाली. आणि राज्यात पहिल्यांदाच तांड्यांसाठी वेगळं खातं निघालं तेव्हा ते तिच्याकडे आलं. त्या दिवशी पळसतांड्याचे प्रमुख, नायक भाऊसिंग, पोहरादेवीला जाऊन नारळ फोडून आले होते. "आता सरकारात आपलं मानूस हाय," असं ते भेटेल त्याला सांगत सुटले होते.

धनराजनं फोन लावला. तिसऱ्यांदा तिनं उचलला.

"खरं हाय का हे?"

पलीकडे गाडीची घरघर ऐकू येत होती. मग ती म्हणाली, "खरं हाय. मी येऊन राह्यली. तांड्यात मीच सांगनार हाय."

"पन काहून, रंजीता?"

फोन बंद झाला होता.

ती दुसऱ्या दिवशी दिवस कलताना घरी पोचली. बंदूकवाले शिपाई अंगणात खुर्च्या टाकून बसले. स्वीय सहायक उद्याचं भाषण देऊन विश्रामगृहावर निघून गेला. रंजीतानं पदर खोचला आणि कोणी काही म्हणायच्या आत परातीत पीठ घेतलं. मंत्री झाल्यापासून तिला चुलीशी असं बसलेलं धनराजनं पाहिलं नव्हतं. ती पीठ मळत राहिली, मळतच राहिली.

"भाकर नको मले," धनराज म्हणाला. "तू बोल."

"काय बोलू?"

"तुले तिथं कोनी ईचारलं नाई? तू भांडली नाई?"

"भांडली. बैठकीच्या आधी भांडली, दालनात भांडली. मोठ्या साहेबानं, म्हंजे मुख्यमंत्र्यानं, सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला." तिचे हात थांबले. "मंग म्हने, ताई, शाळा शिक्षण खात्याच्या, पन प्रस्ताव तुमच्या खात्यातून येऊ द्या. दुसऱ्यानं आनला तर तांडे पेटतीन. तुमी आनला तर कोनी बोलनार नाई."

धनराज तिच्यासमोर खाली बसला.

"तवा मले समजलं, अवो. मले वाटे, तांड्याचं गाऱ्हानं तिथं सांगाले मले बसवलं. तसं नोतंच ते. तांड्याच्या विरोधात सही लागन त्या दिवशी तांड्याचीच सही पाह्यजे, म्हनून बसवलं होतं मले."

"अन् तू केली?"

"केली."

"कायले?"

"तिथं नाई म्हनलं असतं तर खातं गेलं असतं. तांड्याच्या पोरांची अजून दोन वसतिगृहं व्हायची हायेत, मनात आलं, ते तरी होऊन जातीन." ती पिठाकडे बघत म्हणाली. "पेन हातात घेतला तवा असंच वाटलं. खाली ठेवला तवा नाई वाटलं."

या बाईला आपण ओळखतो, असं धनराजला लग्नापासून वाटत आलं होतं. ती रागावली तर कशी दिसते, हरली तर कशी दिसते, सगळं त्याला पाठ होतं. आज समोर बसलेली तिसरीच कोणी होती. तिला जवळ घ्यावं की घराबाहेर निघून जावं, तेही त्याला कळेना. शेवटी त्यानं तिच्या हातातला गोळा घेतला आणि वेड्यावाकड्या दोन भाकरी स्वतःच थापल्या. त्या कोणीच खाल्ल्या नाहीत.

सकाळी गाड्यांचा ताफा पळसतांड्यात शिरला. तांड्याची लेक माहेरी आली की बायका धावत येतात, गळ्यात पडतात आणि सूर लावून रडतात. ते रडणं म्हणजेच स्वागत. रंजीता मंत्री होऊन आली होती तेव्हा फोटोवाले बावचळले होते. त्यांना वाटलं, कोणी वारलं. आज ती गाडीतून उतरली. बायका भिंतींना टेकून उभ्या होत्या. तिनं दोन्ही हात किंचित पुढे केले. एकही बाई जागची हलली नाही.

शिव्या पडतील, दगड पडतील, असं धनराजला वाटलं होतं. हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. रंजीतानं हात मागे घेतले आणि पदर सावरल्यासारखं केलं.

शाळेसमोर मंडप होता. तहसीलदार, शिक्षण खात्याचे साहेब आधीच बसले होते. तिच्या बाजूची खुर्ची धनराजसाठी होती. तो तिथं गेला नाही. रामधनच्या शेजारी सतरंजीवर बसला. रंजीतानं ते पाहिलं.

ती भाषण वाचू लागली. गुणवत्ता, वाहतूक भत्ता, सुसज्ज इमारत. भाऊसिंग नायकांनी काठीवर जोर देऊन उठत मध्येच विचारलं, "बाई, एक सांग. तुले आमी तिथं कायले धाडलं होतं?"

"नायक, खाली बसा, नंतर बोला," तहसीलदार म्हणाले.

"मी माह्या लेकीसंग बोलून राह्यलो, साहेब. तुमच्यासंग नाई."

तेवढ्यात रुपाबाई पुढे आली. रंजीताची काकी, शाळेत खिचडी शिजवायची. तिनं कमरेला खोचलेली शाळेची किल्ली काढली आणि टेबलावर, माइकच्या बाजूला ठेवली.

"घे. सरकारची वस्तू सरकारले," ती म्हणाली. "पोरं जातीन नाल्यापलीकडं गावच्या शाळेत, नाई तर जातीन उसात मायबापासंग. म्या तुले पाठीवर घेऊन आनत होती इथं, तुह्या पायात काटा मोडला होता तवा. तुले याद नसन."

रंजीतानं हातातला कागद पालथा ठेवला. आणि ती गोरमाटीत बोलू लागली. साहेब लोक एकमेकांकडे बघायला लागले. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं. धनराजला प्रत्येक शब्द कळत होता. जे तिनं चुलीपाशी सांगितलं होतं, तेच ती आता सगळ्या तांड्यासमोर, माइकवर सांगत होती. दालन, चहा, साहेब काय म्हणाला, पेन.

"तुमी मले तुमचं तोंड म्हनून धाडलं," ती म्हणाली. "मी त्याईचा अंगठा झाली. हे तुमाले बाहेरून कळाच्या आधी माह्या तोंडून कळावं, म्हनून आली."

भाऊसिंग सावकाश खाली बसले. रुपाबाई तोंडाला पदर लावून उभी होती. रंजीतानं किल्ली उचलली नाही. शिक्षण खात्याच्या साहेबांनी ती बोटांनी आपल्याकडे ओढली.

मंडपातल्या कोणीतरी ते बोलणं मोबाईलवर घेतलं होतं. दुपारपर्यंत ते मराठीत होऊन मुंबईला पोचलं, आणि संध्याकाळी फोन आला. रंजीता उभ्यानंच "हो जी, हो जी" म्हणाली. तिनं राजीनामा पाठवला. चारआठ दिवसांत दुसऱ्या जिल्ह्यातल्या तांड्याचा एक माणूस त्या खात्यावर बसला. तांड्याची जागा तांड्याकडेच राहिली, असं पेपरात कौतुकानं छापून आलं. अंगणातले शिपाई गेले, त्यांच्या खुर्च्या मंडपवाला घेऊन गेला.

निर्णय मात्र बदलला नाही. जूनच्या शेवटी गावच्या शाळेची घंटा झाली तेव्हा पळसतांड्याच्या शाळेत कोणीतरी गुरांच्या कुटाराची पोती रचली होती.

त्या सकाळी रंजीता धनराजला म्हणाली, "मले तांड्यात सोडून द्या." का, ते तिनं सांगितलं नाही, त्यानंही विचारलं नाही.

नाल्याला गुडघाभर गढूळ पाणी होतं. रामधनच्या पोरी आणि आणखी काही लेकरं काठावर घोळक्यानं उभी होती. काही घरांनी पोरं पाठवलीच नव्हती. ज्यांनी पाठवली होती ते आईबाप दूर बांधावर थांबले होते; रंजीताशी कोणी बोललं नाही. तिनं चपला काढल्या, लुगडं वर खोचलं आणि सगळ्यात धाकट्या पोरीला कडेवर घेतलं. दुसऱ्या हातानं रामधनच्या थोरलीचा दंड धरला. बाकीच्यांना एकमेकांचे हात धरायला लावले आणि ती पाण्यात उतरली. मधोमध तिचा पाय घसरला. बांधावरून रामधन दोन पावलं धावला, पण ती सावरली होती.

पलीकडे गेल्यावर तिनं पोरीला खाली उतरवलं, तिच्या फ्रॉकचा ओला काठ पिळला आणि रांग शेताच्या धुऱ्यानं, बांधावरून, गावाकडे निघाली.

धनराजनं गाडीला किक मारली. मग पुन्हा बंद केली. दुकानात एका शेतकऱ्याची मोटार उघडी पडली होती, गिऱ्हाईक वाट बघत असेल. तो काठावरच्या दगडावर बसला आणि रिकाम्या हातानं परत येणाऱ्या रंजीताची वाट पाहत राहिला.