कॅबिनेटमधली शीळ

विकलेला माल परत घेतला जाणार नाही, अशी पाटी माझ्या दुकानात मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत लावलेली आहे. तिन्ही भाषा येणारी माणसंसुद्धा ती वाचत नाहीत. खडेबाजारातल्या एका बोळात मी कॉम्प्युटरचे पार्ट विकतो आणि जोडून देतो, त्यामुळे गिऱ्हाइकांचे सगळे नमुने मी पाहिले आहेत. पण वडगावच्या रविराजनं मला जेवढं छळलं, तेवढं आजवर कुणी छळलं नाही.

पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या बाहीवर सुताचे तंतू चिकटलेले होते. वय चौतीस-पस्तीस, आवाज मोठा. वडगावची माणसं मागांच्या खडखडाटात बोलून बोलून कायमची मोठ्यानं बोलतात, त्यामुळे बोळातल्या चार दुकानांना त्याची ऑर्डर कळली.

"अण्णा, गाणी रेकॉर्ड करायला कॉम्प्युटर जोडायचाय. अजिबात आवाज न करणारा."

"गाणी रेकॉर्ड करायची आणि आवाज नको. एक काय ते ठरव बाबा," मी म्हणालो.

तो हसला आणि काउंटरवर कोपरं टेकून समजावायला लागला. माइक आणि मशीन एकाच खोलीत असणार. मशीनचा पंखा घरघरला, तर ती घरघर भजनात शिरणार. म्हणून प्रत्येक पार्ट निवडताना आधी तो किती बोलतो ते बघायचं, मग बाकीचं.

खरं सांगतो, मला बरं वाटलं. माझ्याकडे येणाऱ्या पोरांना काचेचं कॅबिनेट आणि आत लग्नाच्या मांडवासारखी रोषणाई हवी असते. हा मात्र एकेक वस्तू हातात घेऊन तिचा स्वभाव विचारत होता. आम्ही कमी तापणारा प्रोसेसर घेतला, कारण जो तापतो त्याला जोरात वारा घालावा लागतो. फिरणारी हार्ड डिस्क नको म्हणाला, एसएसडी घेतली. पंखा मोठा घेतला, कारण मोठा पंखा सावकाश फिरला तरी भागतं. कॅबिनेट जाड पत्र्याचं, आतून फोम लावलेलं. रॅममध्ये तो काटकसर करायला निघाला होता, तिथं मी त्याला दटावलं.

पार्ट जुळवता जुळवता त्याची हकिगत कळली. घरी चार यंत्रमाग होते. शाळा सुटल्यापासून हा त्यांच्यावर उभा. पेटी छान वाजवायचा, भजनात पुढं बसायचा, आणि गल्लीत त्याच्या कानाचं नाव होतं. रस्त्यानं जाता जाता कुणाच्या घरातला माग बिघडायला आलाय ते तो सांगायचा, आणि तसंच निघायचं. त्याचे वडील मारुतीराव, म्हणजे आप्पा, यांनी उभा जन्म मागावर काढला. आता त्यांना ठार ऐकू येत नव्हतं.

"चारातलं दोन माग इचलकरंजीच्या पार्टीला विकलं अण्णा," तो म्हणाला. "ह्याला घातलं. जमलं की ऱ्हायलेलं दोनबी त्याच पार्टीला द्यायचं. कान शाबूत हायत तवर मागावरनं उतरायचं. आप्पासारखं व्हायचं न्हाय मला."

एवढं सगळं त्या एका मशीनवर होतं. मी ते मन लावून जोडलं. चालू करून दुकानामागच्या खोलीत ठेवलं आणि दार लावून ऐकलं, तर चालू आहे हे दिव्यावरूनच कळत होतं.

आठवड्यानं तो मशीन स्कूटरवर बांधून परत हजर.

"शीळ येती आतनं," तो म्हणाला. "बारीक. एकसारखी."

मी ऐकलं. काही नव्हतं. तो म्हणाला, इथं बाजारात नाही ऐकू यायची, घरच्या खोलीत येते. मला वाटलं, वीज पुरवणारा डबा, ज्याला आम्ही एसएमपीएस म्हणतो, तो कधीकधी असा बारीक किणकिणतो. बेंगळूरच्या सप्लायरशी फोनवर माझ्या मोडक्या कन्नडमध्ये भांडून मी तो बदलून दिला, भारीतला घातला. चार दिवसांनी स्वारी पुन्हा दारात. शीळ आहेच. मग ग्राफिक्स कार्ड काढून टाकलं, गाण्याला ते लागतही नाही. मग पंखा बदलला. मग मी म्हणालो, तुझ्या घरचं अर्थिंग खराब असेल, तर पठ्ठ्यानं अंगणात खड्डा खणून, कोळसा-मीठ घालून नवं अर्थिंग करून घेतलं. शीळ होती तिथंच होती.

शेवटी मदरबोर्ड बदलायचा म्हणून तो बायकोला घेऊन आला. प्रियदर्शनी तिचं नाव, अंगणवाडीत शिकवते. तिला मी विचारलं, "वहिनी, तुम्हाला येते का ऐकू?"

"मला न्हाय येत. पण ह्यांचा कान लई बारीक हाय अण्णा. आम्हाला न्हाय ते ह्यांना ऐकू येतंय."

"खडेबाजारच्या हॉर्ननं अण्णांच्या कानाचा भुगा झालाय, त्यांना काय ऐकू येणार," रविराज म्हणाला आणि स्वतःच हसला.

मी चिडलो. एक तर पाटी बाजूला ठेवून याचे लाड पुरवत होतो, वर हा माझ्याच कानाला नावं ठेवतोय. पण त्याच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. निपाणीकडचं एक भजनी मंडळ येत्या रविवारी रेकॉर्डिंगला येणार होतं, ते त्याचं पहिलं काम. लोकांना बोलावलंय आणि मशीन शीळ घालतंय, या धास्तीनं त्याची झोप उडाली होती. मी म्हणालो, मदरबोर्ड राहू दे, मी घरी येतो आणि माझ्या या भुगा झालेल्या कानांनी काय ते बघतो.

शनिवारी दुपारी वडगावला गेलो. गल्लीत शिरताच दोन्ही बाजूंच्या घरांतून मागांचा खडखडाट सुरू झाला. लागून असलेल्या घरात त्यांच्या शेजाऱ्याचे, आण्णाप्पाचे माग रात्रपाळीतही चालतात, त्यामुळे या घराला झोपेतसुद्धा खडखडाटाची सोबत असते. रविराजचे उरलेले दोन माग खालच्या सोप्यात चालू होते. त्यांच्याजवळ आप्पा पाटावर बसले होते, तळवे जमिनीला टेकून. मी नमस्कार केला, त्यांनी मान हलवली.

रेकॉर्डिंगची खोली माडीवर, मागच्या अंगाला. रविराजनं भिंतींना फळ्या मारून त्यांच्या आत मागांवरचं वाया गेलेलं सूत ठासून भरलं होतं. दारंही दोन, एकाआड एक. दुसरं दार लागलं आणि गल्ली नाहीशी झाली. वडगावात इतकी शांतता मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली. खालच्या मागांचा खडखडाट जमिनीतून थोडा पायाला जाणवत होता, कानाला नाही. एका बाजूला पेटी, मधे माइक, कोपऱ्यात आमचं मशीन.

त्यानं ते चालू केलं. तो, प्रियदर्शनी आणि मी, आम्ही तिघं उभे राहिलो.

"आली," तो म्हणाला.

मी गुडघ्यावर बसून कॅबिनेटला कान लावला. पंख्याची अगदी पुसट हवा, बाकी काही नाही. रविराजनं मान एका बाजूला कलती केली होती आणि एक बोट कानावर दाबून धरलं होतं, घटकेत दाबायचं, घटकेत सोडायचं.

"रेकॉर्ड कर," मी म्हणालो. त्यानं नुसत्या खोलीचं रेकॉर्डिंग केलं आणि हेडफोन लावून ऐकलं. त्यात शीळ आहे म्हणाला. हेडफोन मी लावला, काही नव्हतं. प्रियदर्शनीनं लावला, तिनं खाली बघत नाही म्हणून मान हलवली. मी स्क्रीनवर बोट ठेवलं. आवाजाची रेघ सरळ होती, शीळ असती तर तिथं काहीतरी दिसलं असतं.

"रेघ खोटी असंल," तो म्हणाला.

आता मात्र माझं डोकं फिरलं. तीन वेळा मशीन खोललेलं, दुकान बंद ठेवून आलेलो, आणि आता रेघ खोटी. मी भिंतीपाशी गेलो आणि प्लगच ओढून काढला. मशीनचा दिवा विझला, पंखा थांबला.

"आता सांग," मी म्हणालो. "आता कुठून येते?"

मला वाटलं होतं तो ओशाळेल. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "येती की अजून. उलट जास्त येती."

मला एकदम सगळं समजलं आणि प्लग ओढल्याचा पश्चात्ताप झाला. त्याला समजलं नव्हतं, किंवा समजून घ्यायचं नव्हतं. तो यूपीएसची बॅटरी असेल म्हणाला. यूपीएसची वायर काढली. मग भिंतीतली वायरिंग असेल म्हणाला, आणि मी काही बोलायच्या आत खाली धावला आणि घराचा मेन स्विच पाडून आला. खालचे दोन्ही माग थांबले. पायाखालची धडधडही गेली. दोन्ही दारं लावून तो खोलीच्या मधोमध उभा राहिला, मान कलती, बोट कानावर.

माझ्या मोबाइलच्या उजेडात आम्ही दोघं त्याच्या तोंडाकडं बघत होतो. प्रियदर्शनीनं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं.

दार उघडलं. आप्पा जिना चढून आले होते. ऐकू येत नसलं तरी माग थांबल्याचं त्यांना तळव्यांना कळलं होतं आणि काय झालं ते बघायला ते आले होते. त्यांनी लेकाकडं बघितलं. ती कलती मान, ते दाबून सोडलेलं बोट. त्यांना काही विचारावं लागलं नाही.

"शीळ वाजाय लागली व्हय रं?" आप्पा म्हणाले.

बोललो असतो तरी त्यांना कुठं ऐकू येणार होतं. ते आपले बोलतच राहिले, बहिऱ्या माणसाच्या सपाट आवाजात.

"मलाबी यायची. तुझ्याएवढा हुतो. ढेकूण शिरला म्हणून तुझ्या आजीनं त्याल घातलं कानात. धा-बारा वरसं वाजली. मग गेली एक दिस. ती गेली तवा दुसरं कायबी ऱ्हायलं न्हवतं."

रविराज मटकन पेटीशेजारी बसला. त्यानं बापाकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. आजही ती नजर आठवली की मला दुकानात बसवत नाही. एवढ्या वर्षांत आप्पांना हे कुणी विचारलं नव्हतं. गल्लीत सगळेच ओरडून बोलतात, मग कुणाला कमी ऐकू येतंय हे कळणार कसं?

"म्हाताऱ्याला काय म्हाईत," रविराज पुटपुटला. पण आवाजात दम नव्हता.

तो उठून खाली गेला, मेन स्विच वर केला, मागाची बटणं दाबली. आम्ही मागोमाग उतरलो. मागांचे धोटे इकडून तिकडं धडाधड धावायला लागले. रविराज दोन मागांच्या मधे उभा राहिला आणि त्याचे खांदे सैल पडताना मी बघितले. तो माझ्याकडं वळून काहीतरी म्हणाला. मला ऐकू आलं नाही, ओठांवरून कळलं. गेली, म्हणत होता.

निपाणीच्या मंडळाला प्रियदर्शनीनं फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. माझ्या ओळखीच्या एका कानाच्या डॉक्टरकडं मीच त्याला घेऊन गेलो. आवाज न शिरणाऱ्या बंद केबिनमध्ये बसवून, कानाला हेडफोन लावून, त्यांनी तपासलं. बारीक, चढे आवाज निघून गेले आहेत, त्यांच्या जागी मेंदू ही शीळ भरतो आहे, गेलेलं परत येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. राहिलेलं वाचवायचं तर मागांपासून लांब राहा, आजपासून. रविराजनं मान डोलावली. घरी जाऊन तो मागावर उभा राहिला, कारण तेवढीच एक जागा होती जिथं त्याला शीळ ऐकू येत नव्हती. शांत खोलीचं दार त्यानं पुन्हा उघडलं नाही.

मशीन परत घेऊन जा म्हणाला. मी घेतलं, पाटीखालूनच आत आणलं. तीन महिने ते काउंटरमागं पडून आहे. विकायला काढलं तर गिऱ्हाईक मिळेल, तेवढं शांत मशीन मी दुसरं जोडलेलं नाही. पण मन होत नाही.

परवा प्रियदर्शनी बाजारात भेटली. हातात पिशव्या होत्या, उतरलेली दिसत होती. तीही आता माझ्याशी ओरडून बोलली, घरात तशीच सवय लागली असावी. इचलकरंजीची पार्टी येऊन गेली का, मी विचारलं.

"आलती," ती म्हणाली. "आमचं न्हेलेलं दोन माग परत घेऊन आलती. ह्यांनीच आणाय लावलं. जास्तीचं पैसं मोजून."

"परत कशाला? दोन आहेत की तुमच्याकडं."

तिनं पिशव्या या हातातून त्या हातात घेतल्या.

"दोन मागांत आता शीळ दबंना झालीया, अण्णा. चार लागत्यात."