जोडावरची फुंकर

"आधी ती तार तोंडातून काढा," रज्जाकभाई म्हणाले आणि शालूच्या समोर उभेच राहिले.

शालूच्या एका हातात तापलेलं सोल्डरिंग आयर्न होतं, दुसऱ्या हातात सर्किटची पट्टी आणि शिशाची तार दातांत. हात दोन, काम तीन हातांचं, मग बाईने करावं काय? तिने तार काढली, पदराला पुसली आणि सांगितलं की आमचे हे शिंपी आहेत, दिवसभर तोंडात टाचण्या धरतात, त्यांना आजवर काही झालेलं नाही.

"टाचणी पोटात गेली तर त्याच दिवशी कळतं. शिसं गेलं तर दहा वर्षांनी कळतं. पट्टी चिमट्यात अडकवा आणि तार हातात घ्या. आता चहा येईल, त्याआधी हात धुऊन या. साबणाने."

कर्वेनगरातल्या एका सोसायटीचा तो हॉल. एरवी तिथे हळदीकुंकू, भिशी आणि वार्षिक सभेतली भांडणं व्हायची. श्यामलाबाई दातारांनी सेक्रेटरींशी चांगलं वाजवून तो आठवडाभरासाठी मिळवला होता. छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवल्यावर बाईंना घरी स्वस्थ बसवत नव्हतं. शहरातल्या एका व्यापाऱ्याला एलिमिनेटर बनवून हवे होते. ट्रान्झिस्टर सेलऐवजी घरच्या विजेवर चालवायची ती काळी डबी. सहा बायका शिकायला तयार झाल्या. व्यापाऱ्याची अट सरळ होती. शनिवारी प्रत्येकीने आपल्या दहा डब्या पुढ्यात ठेवायच्या. तो डबीला बारका दिवा जोडणार आणि वरून पेन्सिलीने टिचक्या मारणार. दिवा लुकलुकला की डबी बाद. दहातल्या निदान आठ टिकल्या तर कायमचं काम, नाहीतर नमस्कार.

शिकवायला बाईंनी शनिवार पेठेतल्या रज्जाक शिकलगारांना गाठलं. बाईंचा रेडिओ वीस वर्षं त्यांच्याच दुकानात दुरुस्त होत आला होता. रज्जाकभाईंनी गेली तीन वर्षं कुणाला काही शिकवलं नव्हतं आणि आताही शिकवायचं नव्हतं. बाईंनी चार खेपा घातल्या. चौथ्या खेपेला ते म्हणाले, येतो, पण पंखा माझा राहील. आणि सोमवारी खरोखरच सायकलच्या कॅरिअरला टेबलफॅन सुतळीने बांधून हे साठी उलटलेले गृहस्थ शनिवार पेठेतून कर्वेनगरात आले.

छताला पंखा होता की. पण त्यांनी तो बंद केला आणि आपला टेबलफॅन खिडकीत ठेवला, तोंड रस्त्याकडे करून. बायका एकमेकींकडे बघून हसल्या, की हे रस्त्याला वारा घालतायत. मग आयर्न तापली, तारेतली राळ जळून गोडसर वासाचा धूर उठला, आणि तो तोंडावर न येता सरळ खिडकीबाहेर जायला लागला. खिडकीजवळच्या दोघींनी तक्रार केली की झुळूक येते, आयर्न गार पडतं. श्यामलाबाईंनीही एक पुस्तक आणून दाखवलं, त्यात जोडावर वारा लागू देऊ नये असं स्वच्छ लिहिलं होतं.

"पुस्तक बरोबर आहे," रज्जाकभाई म्हणाले. "जोड बिघडेल. बिघडला तर पुन्हा करा. पंखा बंद होणार नाही."

त्यानंतर तो विषय कुणी काढला नाही.

नवशिक्यांच्या चुका ठरलेल्या असतात. जोडायची जागा आधी तापवायची, मग तिला तार टेकवायची, एवढं साधं. पण नवी बाई आयर्नच्या टोकावर शिसं वितळवून घेते आणि कुंकवाचं बोट टेकवावं तसं ते जाग्यावर टेकवते. ते धरत नाही, नुसतं वर बसून राहतं. जोडाबाहेर उरलेलं तारेचं टोक छाटताना त्यावर बोट ठेवत नाही, मग ते उडतं आणि नेमकं डोळ्याकडे जातं. हे सगळं रज्जाकभाईंनी दोन दिवस एकेकीच्या मानगुटीवर बसून सोडवलं. मंगळवारी शालूच्या हातून आयर्न निसटलं आणि तिने ते पडता पडता झेललं. घरात पातेली झेलायची सवय, दुसरं काय! तळहात भाजला. रज्जाकभाईंनी तिला वीस मिनिटं नळाखाली हात धरायला लावलं, कुणीतरी धावत आणलेली हळद परत पाठवली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की पडलं तर पडू द्या, हात मागे घ्या, फरशी तुमची नाही, सोसायटीची आहे. सगळ्या हसल्या. श्यामलाबाई तेवढ्या हसल्या नाहीत, कारण सेक्रेटरींशी गाठ त्यांची होती.

हेमा वारज्याहून चालत यायची. नवऱ्याने टाकलेली, पाच वर्षांच्या पोरीला घेऊन भावाच्या घरी राहणारी. भावजयीने तिला तोंडावर सांगितलं होतं की जूनपर्यंत तुझं तू बघ, नाहीतर पोरीला तिच्या बापाकडे धाड. बापाच्या घरात आता दुसरी बाई नांदत होती. पोर जवळ राहायची तर हे काम मिळायलाच हवं, हे हेमाने पहिल्याच दिवशी श्यामलाबाईंना सांगून टाकलं होतं, आणि सांगताना रडली नव्हती.

तिचा हात सगळ्यांत हलका होता. एकच खोड. जोड झाला की ती खाली वाकायची, ओठांचा चंबू करायची आणि त्यावर हळूच फुंकर मारायची. पोरीला भरवताना प्रत्येक घास गार करून द्यायची सवय, ती हाताबरोबर इथेही आली. जोड आपला आपण गार झाला तर चकचकीत होतो. फुंकर मारली तर राखाडी पडतो, वरून घट्ट दिसतो आणि आतून सुटा राहतो. दुरुस्तीवाले त्याला ड्राय सोल्डर म्हणतात. पेन्सिलीची टिचकी त्याला पुरते.

रज्जाकभाई सगळ्यांना टोकत होते. हेमाच्या मागे मात्र ते नुसते येऊन उभे राहायचे. ती वाकायची, फुंकर मारायची, आणि ते काही न बोलता पुढच्या टेबलाकडे जायचे. सोमवार गेला, मंगळवार गेला, बुधवार गेला. गुरुवारी श्यामलाबाईंनी आपल्यापुरती परीक्षा घेतली. शालूच्या सात डब्या टिकल्या, हेमाच्या तीन.

संध्याकाळी बायका गेल्यावर रज्जाकभाई खाली सायकलला पंखा बांधत होते. श्यामलाबाई जिना उतरून आल्या.

"रज्जाकभाई, तुम्ही शालूला दिवसातून दहा वेळा झापता. हेमाला एकदाही नाही. मी मास्तरीण आहे हो, मला दिसतं. चूक काय आहे ते तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

त्यांनी बांधलेली गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.

"माझी रझिया असंच करायची," ते म्हणाले.

मग ते बरंच बोलले, सायकलचा दांडा धरून, बाईंकडे न बघता. रझिया चौदाव्या वर्षी दुकानात बसायला लागली. दुकान केवढं, तर आत दोघं बसले की गिऱ्हाइकाने रस्त्यावर उभं राहायचं. पोरीचा हात बापापेक्षा सरस निघाला. फक्त ही फुंकर. ते आठ वर्षं ओरडले आणि ती आठ वर्षं हसली. दुकानात पंखा होता, पण तो ते कधी लावू द्यायचे नाहीत. शिकलगारांचा जोड कधी सुटत नाही हा त्यांचा तोरा होता, आणि वाऱ्याने जोड बिघडतो. रस्त्याची धूळ नको म्हणून दारही निम्मं ओढलेलं असायचं. राळेचा धूर त्यांना स्वतःला कधी बाधला नव्हता. रझियाला खोकला लागला तेव्हा ते सर्दी म्हणाले. तिला झोपेतून उठून बसावं लागू लागलं तेव्हा जुबेदा, त्यांची बायको, म्हणाली की पोरीला आता दुकानात नेऊ नका. तेव्हा हातात मोठं काम होतं. ते म्हणाले, ईद होऊ दे.

"एकदा मी तिला म्हणालो, खोकायचं असेल तर बाहेर जाऊन खोक, माझा हात हलतो. गेली बिचारी बाहेर. रस्त्यावर उभी राहून खोकली आणि परत येऊन बसली."

डॉक्टरांनी नंतर सांगितलं की राळेच्या धुराने काहींना असा दमा लागतो. फुंकर मारायला माणूस धुरावर वाकतो आणि फुंकर सोडली की पुढचा श्वास तिथेच घेतो. त्यांनी एकच गोष्ट विचारली होती, दुकानात पंखा नाही का? बाविसाव्या वर्षी रझिया गेली. जुबेदाने त्यानंतर दुकानाची पायरी चढली नाही.

श्यामलाबाईंनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

"मग हेमाला का वाकू देता?"

"आवाज येतो, बाई. तिच्या मागे उभा राहिलो की अगदी तसाच येतो. रोज ठरवतो, उद्या टोकू. टोकलं की बंद होईल."

"परवा शनिवार आहे, रज्जाकभाई."

एवढंच म्हणून त्या वर गेल्या.

शुक्रवारी रज्जाकभाई हेमाच्या मागे जाऊन उभे राहिले. तिने जोड केला, वाकली, फुंकर मारली. त्यांनी ऐकली. दुसरा जोड केला, त्याचीही फुंकर ऐकली. तिसऱ्याच्या आधी त्यांनी खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारी बसले.

"हेमा, जोडाला फुंकर मारायची नाही."

हेमा दचकली. त्यांनी तिच्या पट्टीवरचा एक राखाडी जोड चिमट्याने ओढून दाखवला. तार अलगद हातात आली. मग स्वतः एक जोड करून दिला. तो चकाकत होता आणि ओढून हलला नाही. त्यांनी सांगितलं की मान मागे ठेवायची, पाठ ताठ, हात पुढे. धुरावर वाकायचं नाही, जोडासाठी नाही तर स्वतःसाठी. जोड झाला की आयर्न उचलायचं, पट्टी हलवायची नाही आणि मनातल्या मनात पाचपर्यंत आकडे म्हणायचे.

हेमाने बाजूला रचलेल्या आपल्या पट्ट्यांकडे बघितलं. चार दिवसांचं काम होतं, सगळं राखाडी.

"चाचा, आधी का न्हाई सांगितलं?" तिने विचारलं.

"चुकलं माझं."

बाकीच्या बायका एकदम कामात बुडाल्या. शालूने तर बंद आयर्नने जोड करायला घेतला.

हेमा एकेक जोड पुन्हा तापवत बसली आणि रज्जाकभाई शेजारून उठले नाहीत. चौथ्या-पाचव्या जोडाला ती सवयीने वाकली, मध्येच थांबली आणि ओठ तसेच ठेवून मागे सरली. त्यानंतर वाकली नाही. हॉलमध्ये खिडकीतल्या पंख्याची घरघर तेवढी उरली. रज्जाकभाईंना वाटलं, पोर दुसऱ्यांदा गेली. ते उठले, बाहेर जाऊन टोपी काढून तोंडावर पाणी मारून आले आणि परत त्याच खुर्चीवर बसले. सहा वाजेपर्यंत नऊ पट्ट्या झाल्या. दहावीला वेळ उरला नाही.

शनिवारी व्यापारी आला. कानामागे पेन्सिल आणि कपाळाला आठी घेऊनच आला. शालूच्या, भाजलेल्या हाताने केलेल्या, आठ डब्या टिकल्या. हेमाच्या पुढ्यात तो बसला तेव्हा श्यामलाबाई निकालाच्या दिवशी उभ्या राहायच्या तशा हाताची घडी घालून उभ्या होत्या. टक टक, दिवा स्थिर. टक टक, स्थिर. नऊ डब्या झाल्या. दहावीचा दिवा लुकलुकला. व्यापाऱ्याने ती बाजूला सारली, हेमाचं नाव विचारून वहीत लिहिलं आणि सोमवारी माल पाठवतो म्हणाला. हेमाने मागे उभ्या असलेल्या पोरीला जवळ ओढलं आणि तिचं डोकं पोटाशी धरून ठेवलं. भावजयीने आज पोरीला सांभाळायला नकार दिला होता, म्हणून ती बरोबर आली होती.

चहा आला. हेमा उठून साबणाने हात धुऊन आली. पोरीसाठी तिने चहा बशीत ओतला. चांगला वाफाळत होता. ती वाकली, ओठांचा चंबू केला, आणि समोर रज्जाकभाई दिसताच झटकन मान मागे घेऊन ताठ बसली. तिचे ओठ हलत होते. मनात पाच म्हणत असावी.

"आई, फू कर ना," पोर म्हणाली.

"मार फुंकर," रज्जाकभाई म्हणाले. "चहाला चालते."

हेमाने बशीवर फुंकर मारली. एकदा, मग पुन्हा एकदा. रज्जाकभाई खिडकीकडे तोंड करून टेबलफॅनला सुतळी गुंडाळत होते. बशी गार झाली, पोरीने चहा पिऊन टाकला, कप विसळून झाले, तरी त्यांची गाठ काही बसेना.