चौऱ्याऐंशी ठणठणीत कान

चिऊच्या प्रबंधात एकच अडचण होती. सगळं फारच चांगलं आलं होतं.

पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यातले बेचाळीस कामगार तिनं महिनाभर एकेक करून प्रयोगशाळेतल्या बूथमध्ये बसवले होते. बूथ म्हणजे कपाटाएवढी खोली, भिंतींना जाड स्पंज, आत एक खुर्ची आणि हेडफोन. बाहेरून चिऊ ऑडिओमीटरची बटणं दाबून जाड-बारीक सूर सोडणार, आणि आतल्यानं सूर ऐकू आला की बोट वर करायचं, एवढाच मामला. वीस-वीस वर्षं पत्रा ठोकणाऱ्या प्रेसच्या दणदणाटात काढलेली माणसं ती. त्यांचे कान कामातून गेलेले असणार, याबद्दल कोणाच्याच मनात शंका नव्हती. पण बेचाळीसच्या बेचाळीस जणांनी अगदी हलक्यातल्या हलक्या सुरालाही बोटं वर केली. चौऱ्याऐंशी कान, एकजात ठणठणीत.

सर हवेत होते. सर म्हणजे चिऊचे गाइड. गोंगाटानं कान कसे जातात आणि ते जाऊ नयेत म्हणून काय करावं, यात त्यांची हयात गेलेली. दोन वर्षांपूर्वी त्यांनीच त्या कामगारांना इअरप्लग वाटले होते, तेव्हा हा त्या इअरप्लगचाच विजय असं त्यांनी जाहीर करून टाकलं. जाहीर करणं त्यांना छान जमायचं. आवाजच असा, की विद्यार्थी पाठीमागे त्यांना भोंगा म्हणत, आणि त्यांच्यासमोर जायचं झालं की गुपचूप कानात इअरप्लग घालून जात. एकदा ते सरांच्या लक्षात आलं, तेव्हा आपली पोरं शिकवलेलं आचरणात आणतात म्हणून त्यांना भरून आलं होतं.

सरांच्या एकाग्रतेबद्दल तर प्रयोगशाळेत दंतकथा होत्या. त्यांच्या केबिनच्या छतावरच्या स्मोक अलार्मची बॅटरी उतरली होती, आणि गेले आठ महिने तो दर अर्ध्या मिनिटाला 'टीप' करून बोंबलत होता. पाच मिनिटांत माणूस भिंतीवर डोकं आपटून घेईल असा तो आवाज. सर त्याच्याखाली बसून दिवसभर लिहीत. कपाळावर आठी नाही. अशा तपस्व्याला बॅटरीसारख्या क्षुल्लक गोष्टीवरून कोण टोकणार?

सोमवारी कारखान्यात सभा होती. सर सगळ्यांना त्यांच्या कानांचे कागद देणार होते. आणि कान इतके उत्तम असतील तर प्रेसभोवती आवाज अडवणाऱ्या भिंती उभारायचा बेत मालक रद्द करणार, हेही ठरल्यातच जमा होतं.

चिऊच्या मनात मात्र शंकेची पाल चुकचुकत होती. इअरप्लगचं काय झालं ते तिनं कारखान्यात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. एकानं ते तेलाच्या बाटलीला बूच म्हणून लावले होते, एकानं डुगडुगणाऱ्या स्टुलाच्या पायाखाली सारले होते. घातलेला म्हणाल तर एकच पठ्ठ्या सापडला, आणि त्याच्याही एकाच कानात, कारण दुसरा कान त्यानं गप्पांसाठी मोकळा ठेवला होता. तिनं हे सरांना सांगितलं होतं. पण तिनं काहीही सांगितलं की सर म्हणत, "पुटपुटू नकोस." तिच्या प्रगतीच्या अहवालात दर सहामाहीला तेच वाक्य: हुशार आहे, पण आत्मविश्वास नाही, तोंडातल्या तोंडात बोलते. बिचारी त्यापायी आरशासमोर उभी राहून बोलायचा सराव करायची. वक्तृत्वाच्या वर्गातही जाऊन आली. तिथं तिला पहिलं बक्षीस मिळालं, पण केबिनमध्ये पाऊल टाकलं की ती परत पुटपुटी ती पुटपुटीच.

त्या बेचाळिसांत एक तिचे मामाही होते. चिऊ शिकायला मामा-मामींकडे राहायची. मामांना ऐकू येत नाही असं मामी पंधरा वर्षं म्हणत होत्या, आणि मामा पंधरा वर्षं ते उडवून लावत होते. त्यांचा कागद चिऊनं सभेची वाट न बघता घरीच आणून दिला, तेव्हा त्यांच्या आनंदाला पारावार राहिला नाही. त्यांनी तो फ्रिजच्या दारावर चिकटवला, 'उत्तम' या शब्दाखाली लाल पेनानं रेघ मारली आणि बायकोला हाताला धरून तिथं आणून उभं केलं.

मामींनी कागद दोनदा वाचला. मग अगदी शांतपणे विचारलं, "म्हणजे तुम्हाला सगळं ऐकू येत होतं?"

मामा मोठ्या दिमाखात "सगळं" म्हणाले, आणि तिथंच फसले. मामींनी नळाची गळती काढली, कपडे वाळत घालण्याचा विषय काढला, स्वतःच्या धाकट्या बहिणीला स्टेशनावर तीन तास ताटकळत बसावं लागलं होतं तेही काढलं. हे सगळं आपण सांगितलं होतं, आणि ते यांना ऐकू आलं होतं. इतकी वर्षं मामी बहिऱ्या माणसाला सांभाळून घेत होत्या, आणि माणूस तर धडधाकट निघाला. त्या घटकेपासून त्यांनी मामांशी बोलणं टाकलं. ताट वाढायच्या, पाण्याचा पेला ठेवायच्या, पण तोंडातून ब्र नाही.

चौथ्या दिवशी मामांचा धीर सुटला. ते स्वयंपाकघराच्या दारात चिऊला गाठून म्हणाले, "मला परत तपास गं. आणि या खेपेला नापास कर."

चिऊला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. दारावरची बेल मामांच्या डोक्यावर दोन हातांवर आहे आणि ती वाजली तरी ते वर्तमानपत्रातून मान काढत नाहीत, हे ती रोज बघत होती. मामा खोटं बोलणारे नव्हते. मग खोटं बोलतंय कोण? दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतःच बूथमध्ये जाऊन बसली आणि बरोबरच्या विद्यार्थ्याला बटणं दाबायला सांगितलं. चार हजार हर्ट्झचा सूर, म्हणजे गोंगाटानं सगळ्यात आधी मरतो तो, यंत्रावर अगदी शून्याला लावला. तो जेमतेम ऐकू यायला हवा. तिच्या कानात तो गजराच्या घड्याळासारखा वाजला.

यंत्राची एक वही होती. दर महिन्याच्या एक तारखेला यंत्र तपासायचं आणि वहीत नोंद करायची, अशी सरांची शिस्त. पहिल्याच पानावर सरांच्या तरुणपणच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'प्रमाण कान: माझे.' त्या काळी प्रयोगशाळेत सरांइतके तिखट कान कोणाचे नव्हते, म्हणून ते स्वतः बूथमध्ये बसत आणि हलक्यातला हलका सूर ऐकू येतो का बघत. पुढे दर वर्ष-दीड वर्षानं एक नोंद होती: 'चार हजारावर आवाज जरा उतरलेला वाटला. मागचा स्क्रू पाव फेरा वाढवला.' चिऊनं मोजल्या. एकोणीस वेळा पाव फेरा.

यंत्र कधी उतरलंच नव्हतं. सरांचे कान उतरत गेले, आणि त्यांच्या मागोमाग सर यंत्र चढवत गेले. आता ज्याला सरांइतकं ऐकू येईल तो उत्तम गुणांनी पास. प्रयोगशाळेतल्या प्रत्येक विद्यार्थ्याचे कान 'असामान्य' कसे निघतात, आणि सर पाहुण्यांना ते अभिमानानं का सांगतात, याचाही उलगडा झाला.

ती वही घेऊन केबिनमध्ये गेली. कान जाण्यावरच्या अख्ख्या विद्वानाला त्याचेच कान गेलेत हे सांगायचं म्हणजे काय खायचं काम नव्हे. तिनं सांगितलं, अगदी स्पष्ट सांगितलं. सरांनी मान वर केली, प्रेमळपणे हसले आणि पुटपुटू नकोस म्हणाले. सोमवारी सभेत मीच बोलेन, तू नुसते कागद वाट, असंही म्हणाले. वर छतावर टीप झालं.

शुक्रवारी मामा स्वतःच कागद घेऊन केबिनमध्ये हजर झाले. मागोमाग मामी. त्या नवऱ्याशी बोलत नव्हत्या, पण हा कागद देणारा माणूस कसा दिसतो ते त्यांना बघायचं होतं. चिऊ एका कोपऱ्यात जीव मुठीत धरून उभी राहिली. मामांनी खुर्चीच्या टोकावर बसून विनवलं, की साहेब, एवढा कागद मागे घ्या, संसार मोडतोय.

सर गडगडाटी हसले. "अहो, असे कान मिळायला भाग्य लागतं. तुमचे कान अगदी माझ्यासारखे आहेत!"

"तेच म्हणते मी," मामी खणखणीत आवाजात म्हणाल्या. मग त्यांनी छताकडे पाहिलं. "हे वर काय वाजतंय मघापासून?"

"कुठे?" सर म्हणाले.

"कुठे?" मामाही म्हणाले.

चिऊच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आरशासमोर केलेला सगळा सराव एकवटून तिनं एकच वाक्य म्हटलं, "मामी, ऐकू आलं की बोट वर करा." आणि सरांना हातानं अलार्मवरचा बारीकसा लाल दिवा दाखवला. आवाज झाला की तो लुकलुकायचा.

मामी वर न बघता, मांडीवर हात ठेवून, परीक्षेला बसल्यासारख्या ताठ बसल्या. बोट वर गेलं. दिवा लुकलुकला. अर्धं मिनिट कोणी हललं नाही. पुन्हा बोट, पुन्हा दिवा. सर एकदा बोटाकडे बघत होते, एकदा दिव्याकडे, आणि बाकी केबिन त्यांच्या लेखी चिडीचूप होती. तिसऱ्यांदा बोट वर गेलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. मामा मात्र खुर्चीवरून उठलेच. "मलाही नाही येत ऐकू! बघ, मलाही नाही!" लॉटरी लागल्यासारखे ते सगळ्यांना सांगत सुटले.

सरांनी हात पुढे केला. चिऊनं वही दिली. त्यांनी ती पहिल्यापासून वाचली, एकोणिसावी नोंद दोनदा वाचली, आणि शेजारच्या इमारतीतल्या दवाखान्यातून ऑडिओमीटर मागवला. ते यंत्र कोणाच्या कानावर नव्हे, मापकावर तपासलेलं होतं.

मग सर बूथमध्ये बसले आणि चिऊ बाहेर. छोट्या काचेतून तिला त्यांचं बोट दिसत होतं. जाड सुरांना ते झटकन वर जात होतं. चार हजारावर आल्यावर ते गुडघ्यावर पडून राहिलं. चिऊ आवाज वाढवत गेली. सर डोळे मिटून, कान टवकारून, उत्तर येत असूनही आठवत नसलेल्या पोरासारखे वाट बघत होते. चिऊला फार वाईट वाटलं. तीन वर्षं ज्यांच्यावर मनातल्या मनात बोटं मोडली, त्यांचं एक बोट वर जावं म्हणून ती आता देव पाण्यात घालून बसली होती. गेलं एकदाचं, पण फार उशिरा.

आलेख सरळ जात जात चार हजारावर खड्ड्यात पडला होता. हीच खाच सर दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांसमोर फळ्यावर काढायचे. त्यांनी त्या खाचेवर बोट ठेवलं. तरुणपणी प्रेसशेजारी तासन्‌तास उभं राहून मोजमापं घेतली, म्हणाले, आणि कानात काही घातलं नाही, कारण गोंगाटाचा अभ्यास करायचा तर तो ऐकायला नको का.

मामांचा आलेखही तसाच निघाला. मामींनी चिऊला बाजूला घेऊन विचारलं, की मग माझं बोलणं यांना पोचतच नव्हतं का. चिऊनं खरं ते सांगितलं. आवाज पोचतो, पण बारीक ध्वनी गळून जातात, त्यामुळे शब्द अर्धेमुर्धे होतात, आणि शेजारी नळ वाहत असेल तर तेवढेही नाहीत. मामींनी थोडा विचार केला. मग नवऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या, त्यांची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं आणि सहा दिवसांतलं पहिलं वाक्य बोलल्या, "घरी चला. आधी तो नळ दुरुस्त करा."

"करतो," मामा म्हणाले.

ते गेल्यावर सरांनी मालकाला फोन लावून कळवलं, की कागद चुकलेत, चूक माझी आहे, बेचाळीसही जणांना परत तपासायचं आहे, आणि भिंतींचा बेत अजिबात रद्द करायचा नाही. मग ते टेबलावर चढून अलार्मची बॅटरी काढायला गेले, ती काढली, आणि फरक पडला का म्हणून चिऊकडे बघितलं. चिऊनं मान डोलावली. सर खाली उतरले.

"म्हणजे तू पुटपुटत नव्हतीस," ते म्हणाले.

"नाही, सर."

"मग हे आधी सांगायचं नाही का?"

"तीन वर्षं सांगतेय, सर."

सरांनी खुर्ची ओढली आणि तिच्या अगदी समोर, तिचे ओठ दिसतील अशी ठेवली. "बरं," ते म्हणाले. "आता पहिल्यापासून सांग."

चिऊनं आधी स्वतःच्या कानांतले इअरप्लग काढून टेबलावर ठेवले, आणि मग सांगायला सुरुवात केली.