चिमण्यांनी नापास केलेले रीळ

मी एक जुने रीळ आहे. मित्रांनो, तुम्ही दिवसभर बोटाने सरकवता ते रील नव्हे. मी ताटलीएवढ्या चकतीवर गुंडाळलेली गाण्याची टेप आहे. एका मैफलीत माझ्यावर पुरिया राग उतरला आणि पुढे कित्येक वर्षे मी हैदराबादच्या एका कपाटात पडून होते.

तेथून मला केजच्या शिवशरण आप्पांनी आणले. आप्पांचे भांड्यांचे दुकान आहे. उत्तम प्रतीची रिळे जमवणे हे त्यांचे व्यसन. त्यापेक्षा तंबाखू परवडली असती, असे घरचे म्हणतात. माझी किंमत ऐकून त्यांच्या पत्नी बसम्मा मटकन खाली बसल्या.

"अहो, एवढ्यात दुभती म्हैस आली असती!"

"म्हैस पुरिया गाती का?"

"आन् तुमचा पुरिया दूध देतो का?"

आप्पांनी उठून रीळ वाजवायचे यंत्र लावले.

ते माझे मानाचे दिवस. मऊ फडक्याने पुसणे, पंखा बंद, दार बंद. बांगड्या वाजतात म्हणून बसम्मा दाराबाहेर.

संक्रांतीआधी घराचे रंगकाम निघाले. आप्पा यंत्राचा पट्टा शोधायला लातूरला गेले होते. बसम्मांनी जुन्या कॅसेटींबरोबर मलाही पोत्यात कोंबले. तेवढ्यात नांदूरघाटचा बिभीषण दुकानात आला. त्याची ज्वारी हुरड्यात आली होती आणि पाखरे ऐकत नव्हती. कॅसेटची पट्टी पिकावर ताणली की उन्हात चमकते, वाऱ्यात घुमते, पाखरे पळतात.

"न्या की, बिभीषणभाऊ," बसम्मा म्हणाल्या. "नुसती अडगळ हाय."

त्याच्या शेतात दोन खुंटांमध्ये माझे टोक ताणले गेले तेव्हा मी जगण्याची आशा सोडली. शेजारी कॅसेटी लखलखत होत्या. मी मात्र चमकेना. भारी टेपची पाठ मुद्दाम काळी, खरबरीत करतात. चिमण्या आल्या, माझ्यावर बसल्या आणि निवांत पिसे साफ करू लागल्या.

दुसऱ्या दिवशी बिभीषणने मला दुकानाच्या गल्ल्यावर आदळले. सकाळी लातूरहून परतल्यावर मी जागेवर दिसेना, तेव्हापासून आप्पांनी पाणीही घेतले नव्हते. बसम्मा चुलीपुढून उठल्या नव्हत्या.

"आप्पा, लई हलका माल हाय ह्यो. चमकत न्हाई, घुमत न्हाई. पाखरं झोका घेत्यात! टोक तोडून तिथंच ठिवलंय."

आप्पांनी त्याला कडकडून मिठी मारली. बिचाऱ्याला वाटले, आप्पांचे डोके फिरले.

काय तुटले असेल? नवा पट्टा बसवून आप्पांनी मला यंत्रावर चढवले. पहिल्याच फेऱ्यात पुरियाचा सूर लागला. शेतात राहिले होते ते मैफलीच्या अध्यक्षांचे प्रास्ताविक. आप्पांनी इतका लांब श्वास सोडला की मला वारा लागला.

बसम्मा उंबऱ्यातच थबकल्या. तिथूनच म्हणाल्या, "एवढं गोड हाय, तर मला कावून न्हाई ऐकवलं?"

आप्पांनी सरकून सतरंजीवर जागा केली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, त्यांची धूळ पुसा. पण ज्या घरात त्या जपता, तिथल्या माणसांनाही त्या दाखवा, ऐकवा. घरात कुणी ऐकलेच नसेल, तर पुरियाही अडगळच. आणि प्रत्येक वेळी वाचवायला चिमण्या येतीलच असे नाही.