थंडीत जरा उशिरा उठते

मला विकत घ्यायला येणारा माणूस आधी माझ्या चाकाला लाथ मारतो. का मारतो, हे मला आजवर कळलेलं नाही. लाथ मारून फार तर चाकातली हवा कळते. पण लाथ मारली की त्याला वाटतं, आपण गाडी तपासली. मग तो दार उघडून धाडकन लावतो, रंगावरून बोट फिरवतो, भोंगा वाजवून बघतो आणि खूश होतो. मित्रांनो, मी एक जुनी व्हॅन आहे. मला आजवर तीनदा विकलं गेलं. तिन्ही वेळा माझा भोंगा उत्तम वाजला.

माझा जन्म विलायतेतल्या एका कारखान्यात झाला. मोठ्या लढाईत मी लष्कराचं सामान वाहिलं. लढाई संपल्यावर नागपूरच्या लिलावात यवतमाळच्या वामनरावांनी मला घेतलं. वामनराव कापसाचे अडते. त्यांनी माझ्यावर सागवानी पाट्यांचा बंद टप बसवला, त्यावर पिवळ्या अक्षरांत आपलं नाव रंगवून घेतलं आणि दसऱ्याला मला झेंडूची माळ घातली. मी सरकीची पोती वाहिली, कापसाच्या जिनिंग यंत्रांचे पट्टे वाहिले, हमाल वाहिले. वामनरावांच्या पुतणीच्या लग्नात अर्धं वऱ्हाडही वाहिलं. "लाखात एक गाडी," असं ते पाहुण्यांना सांगत. मला ते खरं वाटे.

आता माझ्या पोटातली एक गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. इंजिनात क्रँक नावाचा एक वाकडा आस फिरतो आणि त्याला जोडलेले दांडे वरखाली होतात. तो ज्यात फिरतो त्याला मऊ धातूचं अस्तर असतं. त्याला बेरिंग म्हणतात. क्रँक आणि अस्तर यांच्यामध्ये केसाएवढी फट असते आणि त्या फटीत तेल असतं. तेल आहे तोवर धातू धातूला शिवत नाही. तेल आटलं की अस्तर खरवडलं जातं, फट वाढते, आणि दांडा आतल्या आत आपटू लागतो.

१९५६च्या उन्हाळ्यात वामनराव मला स्वतः चालवत नेरच्या बाजाराला निघाले होते. वाटेत माझं तेल गळू लागलं. तेलाच्या दाबाचा काटा खाली पडला. वामनरावांनी तो पाहिला, काचेवर टिचकी मारली आणि तसेच पुढे गेले. त्यांना भाव फुटायच्या आत पोचायचं होतं. ते पोचले. माझं अस्तर मात्र गेलं.

त्यानंतर मी तापले, भरले आणि चढाला लागले की माझ्या पोटातून ठक ठक असा आवाज येऊ लागला. रिकामी असताना आणि गार असताना येत नसे. वामनरावांनी मला शकील मिस्त्रीकडे नेलं. त्याने झाकण उघडून कान लावला.

"बेरिंग गये, साहेब. क्रँक घासून नवे टाकावे लागतीन. नाई तं एक दिवस दांडा तुटून बाहेर येईन."

"मला ती विकायचीच आहे," वामनराव म्हणाले. "आवाज बंद कर म्हणजे झालं."

"जाड तेल टाकून देतो. पण सांगून ठेवतो, हा इलाज नाई. आवाजावर रजई टाकल्यासारखं हाये."

"मग टाक की रजई. थंडीचे दिवस येऊन राह्यले."

शकीलने तेल टाकलं. जाड तेलाने वाढलेली फट भरून काढली आणि ठकठक दबली. पण थंडीत काकवी जशी घट्ट होते, तसंच जाड तेलही होतं. सकाळी मला सुरू करायला हँडल मारणाऱ्याचा दंड दुखू लागला आणि मी पूर्वीपेक्षा उशिरा सुरू होऊ लागले. लक्षात ठेवा, मित्रांनो. उशिरा उठणं हा माझा आजार नव्हता. माझा आजार कुणीतरी झाकला आहे, याची ती खूण होती.

त्या हिवाळ्यात धनसिंग आला. नेरजवळच्या तांड्यावरचा हा शेतकरी. त्याच्या आजोबांचा बैलांचा मोठा तांडा होता. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून ते मुलखामुलखांतून हिंडत. पुढे रेल्वे आली, ते काम बुडालं, आणि धनसिंगच्या वाट्याला जमिनीचा एक तुकडा आणि एक बैलजोडी आली. त्याचा मुलगा हरिसिंग यवतमाळला ट्रकवर राहून गाडी चालवायला शिकला होता. धनसिंगच्या मनात एकच होतं: आपण पुन्हा माल वाहणारे व्हायचं. वामनरावांना बैल हवे होते. तेव्हा व्यवहार ठरला, जोडीच्या बदल्यात गाडी.

वामनरावांच्या माणसाने बैलांचे दात पाहिले, खूर पाहिले, चालवून पाहिलं. तो आणखी काही विचारणार तोच धनसिंग म्हणाला, "मालक, आधी माह्या बैलाची खोड आयका. हा हरण्या. दिवसभर ओढते, दमत नाई. पण पुलावर पाण्याचा आवाज आला का उभा राह्यते. मंग मारू नका. डोयावर हात ठेवा, चालते. अन् हा चांद्या, हरण्यापासून दूर बांधला तं चारा खात नाई."

"अरे, तू तं सोताच सांगून राह्यला! मी इचारलं तरी होतं का?" वामनराव हसले.

"आमच्यात इचारा लागत नाई. खोड झाकून जनावर इकलं तं त्या घरचं पाणी कोणी पेत नाई. आता तुमच्या गाडीची खोड सांगा."

शकील माझ्या मागच्या चाकाशी बोल्ट आवळत होता. त्याचा पाना थांबला.

वामनरावांनी किंचित विचार केला. "खोड होय? थंडीत जरा उशिरा उठते. बाकी काही नाही."

पाना पुन्हा फिरू लागला.

धनसिंग काही भोळा नव्हता. दुसऱ्या दिवशी तो पहाटेच आला, माझ्या झाकणावर तळहात ठेवून मी गार असल्याची खात्री केली आणि हरिसिंगला हँडल मारायला लावलं. मी कुरकुरले, थांबले, पुन्हा कुरकुरले आणि बऱ्याच वेळाने सुरू झाले. धनसिंगचा चेहरा उजळला. "पाह्यलं? सांगतलं तसंच निघालं. मानूस खरा हाये."

त्याने जे तपासलं ते बरोबर तपासलं. फक्त वामनरावांनी दाखवलं तेवढंच तपासलं.

त्याची बायको रुपीबाई पदर खोचून माझ्याभोवती फिरत होती. "एवढ्या जुन्या गाडीची एकच खोड?"

"तुह्यात तं एवढ्या वर्सांत मले एकच दिसली."

"कोणती?"

"तू लय इचारतं."

सगळे हसले. रुपीबाई हसली नाही. तिने जाताना हरण्याच्या कपाळावर हात ठेवला.

तांड्यावर माझं स्वागत झालं तसं कधीच झालं नव्हतं. बायकांनी मला कुंकू लावलं, बोनेटवर कवड्यांची माळ बांधली. धनसिंग मला बैलासारखा हाताने पुसायचा. पण पहिल्याच उन्हाळ्यात, माणसं आणि ज्वारीची पोती घेऊन चढ चढताना, ते तेल तापून पातळ झालं आणि मी बोलू लागले. ठक, ठक, ठक. चढाच्या मध्यावर हरिसिंगने मला थांबवलं. माणसं उतरून चालत गेली. पोती वाटेत राहिली. पुढच्या बाजाराला लोकांनी दुसऱ्याची बैलबंडी ठरवली.

धनसिंग शकीलकडे गेला, आणि शकीलने मान खाली घालून सगळं सांगितलं. मग आम्ही वामनरावांच्या दारात गेलो.

"तुम्ही खोड झाकली," धनसिंग म्हणाला.

"झाकली? मी सांगितली होती. थंडीत उशिरा उठते म्हटलं होतं. उठते का नाही उशिरा?"

धनसिंग मागे वळला आणि माझ्यात येऊन बसला. परतताना नाल्याच्या पुलावर वामनरावांची बंडी आडवी आली. हरण्या पाण्याच्या आवाजाने थबकला होता. गडी खाली उतरला, त्याने हरण्याच्या डोळ्यांवर हात ठेवला आणि बंडी सुरळीत पुढे गेली. खरी सांगितलेली खोड वामनरावांना अशी उपयोगी पडली. हरण्याने आमच्याकडे पाहिलं की नाही, मला दिसलं नाही. धनसिंगने पाहिलं नाही.

त्यानंतर काही वर्षं मी सपाट रस्त्यावर हलकं ओझं वाहिलं, मग तेही बंद झालं. माझं अस्तर गेलं तेव्हापासून दोनदा राज्य बदललं, आधी मुंबई, मग महाराष्ट्र. माझं इंजिन कुणी बदललं नाही. धनसिंगचं शेत बैलांवाचून पडीक राहू लागलं. मला घ्यायला दोघे जण आले. दोघांनी चाकाला लाथ मारली, दोघांना धनसिंगने माझी खरी खोड सांगितली आणि दोघे निघून गेले.

पुन्हा पेरणी जवळ आली तेव्हा हरिसिंग म्हणाला, "बा, खरं सांगून काय भेटलं? बैल त्याच्या गोठ्यात, अन् हे धूड आपल्या दारात. या खेपेले तू नको बोलू."

"मंग कोण बोलन?"

"मी बोलतो."

त्याने मला नवा रंग दिला. माझ्यात जाड तेल ओतलं. ते ओतताना त्याने एक थेंबही बाहेर सांडू दिला नाही, हे मला सांगायलाच हवं.

मारेगावचा जफर आला. तो भांड्यांचा व्यापारी; आई हुस्नाबीला घेऊन बाजार करत हिंडायचा. त्याने चाकाला लाथ मारली नाही. त्याने हात जोडले.

"यवतमायले दोन गाड्या पाह्यल्या, चाचा. पण मनलं, तांड्यावरचा मानूस खोड झाकत नाई, तिथंच जावं. सांगा, काय खोड हाये हिची?"

धनसिंग दाराशी बसला होता. त्याचे ओठ हलले. रुपीबाई त्याच्याकडे पाहत होती, आणि तिच्यामागे रिकामा गोठा होता.

हरिसिंग म्हणाला, "थंडीत जरा उशिरा उठते. बाकी काही नाई."

शब्द तेच होते. जफरने धनसिंगकडे पाहिलं. "हो ना, चाचा?"

धनसिंगने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते नीट कळलं नाही. पण जफरला पुरलं.

वणीच्या बाजाराला जाताना एका चढावर माझा दांडा तुटला आणि इंजिनाला भोक पाडून बाहेर आला. मागचं दार उघडलं. घागरी, पराती आणि गडवे उतारावरून खणखणत गेले. हुस्नाबी रस्त्यात बसून चेपलेली भांडी ओटीत गोळा करत राहिली. तेव्हापासून मी जफरच्या घरामागे उभी आहे. माझ्यात कोंबड्या बसतात.

परवा धनसिंग आला होता. सोयऱ्याकडे आला असावा. त्याने माझ्या झाकणावर तळहात ठेवला, पूर्वीसारखाच. जफरने त्याला बाजेवर बसवलं आणि चहा आणला.

"मनाले लावून घेऊ नका, चाचा. गाडीच खराब निघाली. तुमाले मालूम असतं तं तुम्ही सांगतलंच असतं."

धनसिंगने कप हातात घेतला. चहावर साय धरेपर्यंत तो तसाच धरून बसला. मग कप खाली ठेवून उठला. त्या घरचं त्याने पाणीसुद्धा घेतलं नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल आणि कधीतरी माझ्यासारखी एखादी गाडी बघायला जाल. चाकाला लाथ मारू नका. भोंगा वाजवू नका. तिला तापवा, तिच्यात ओझं घाला, चढावर न्या आणि गप्प राहून ऐका. आणि विकणाऱ्याने आपणहून एखादी लहानशी खोड सांगितली, तर ती कशामुळे आली हे आधी विचारा. मी लोखंडाची आहे, मला खोटं बोलता येत नाही. मला फक्त गप्प करता येतं, आणि त्यासाठीही डबाभर जाड तेल लागतं. जफरने विचारलं त्या दिवशी धनसिंगला गप्प करायला तेवढंही लागलं नाही.