विठाबाईचं गवत

चौऱ्याऐंशीच्या मार्च महिन्यात नाशिकच्या भद्रकालीतल्या लियाकत कल्हईवाल्याच्या दुकानाची पायरी एक बाई चढल्या, तेव्हा त्यांच्या हातात भांडं नव्हतं. वर्तमानपत्राच्या घडीत जपून ठेवलेली एक काडी होती. हिरवट, पोकळ, पेरापेरांची. पान म्हणून औषधाला नाही.

"चाचा, या वनस्पतीला तुमच्याकडे काय म्हणतात?"

लियाकतने काडीवरून अंगठा फिरवला. कानशीसारखी खरखर लागली आणि त्याच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "हे तर विठाबाईचं गवत."

बाईंचं नाव लताबाई. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या आणि जिल्ह्यातल्या झाडाझुडपांची बोलीतली नावं गोळा करायच्या. तांबट आळीतल्या कुणीतरी त्यांना लियाकतकडे धाडलं होतं. त्यांनी सांगितलं, इंग्रज याला घोड्याची शेपटी म्हणतात. पुस्तकवाल्यांनी त्यावरूनच अश्वपुच्छ केलं.

"शेपटी कुठं दिसते यात?" लियाकत म्हणाला. "नुसता दांडा आहे."

"त्यांच्याकडच्या जातीला झुपकेदार फांद्या येतात, तिथं शोभतं ते नाव. आपल्याकडच्याला नाही शोभत, म्हणून तर विचारत फिरते. पण विठाबाई म्हणजे देवी का कुणी?"

"नाही हो. विकायला आणायची ती बाई."

विठाबाई सिन्नरपलीकडच्या ओहळवाडीची. दिवाळी झाली की दर पंधरा दिवसांनी एस.टी.ने यायची, डोक्यावर वाळलेल्या काड्यांचा भारा. पितळेला शेवटचा हात या काड्यांनी दिला की घागर आरशासारखी दिसायची. वाळूने चरे पडतात तसे पडायचे नाहीत. बदल्यात लियाकत तिची भांडी कल्हई करून द्यायचा. भाता चालू असेपर्यंत ती पायरीवर बसून गावाकडचं सांगायची. लियाकतची बायको मेहरुन्निसा आतून चहा पाठवायची आणि मग स्वतःच येऊन बसायची. अशी वीसेक वर्षं गेली.

मग घरोघर स्टील आलं. कथलाचा वास दुकानातून हळूहळू गेला. शहात्तरच्या हिवाळ्यात लियाकतच विठाबाईला म्हणाला होता, "आता भारा आणू नकोस. काम लागलं तर निरोप धाडीन." निरोप त्याने कधी धाडला नाही. पुढे मेहरुन्निसा वारली, मुलगी लग्न होऊन मालेगावला गेली. दुकान तो रोज उघडायचा, कारण घरी बसून करायचं काय? एखाद्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत कुणाशी शब्द बोलायची वेळ यायची नाही.

लताबाई म्हणाल्या, "त्या स्वतः याला काय म्हणायच्या, ते कळलं तर फार बरं होईल."

लियाकतने काडी परत घडीत ठेवली. वीस वर्षांत त्याने हे विचारलंच नव्हतं.

पुढच्या सोमवारी त्याने दुकान बंद ठेवलं आणि सिन्नरची गाडी धरली. तिथून जीप, मग पायी. वाडी ओढ्याला लागूनच होती आणि ओढ्याच्या काठाने, ओल्या वाळूत, त्या काड्या कमरेइतक्या उभ्या होत्या. इतक्या एका जागी त्याने कधी पाहिल्या नव्हत्या.

विठाबाईच्या अंगणात तिची सून भागीबाई दाणे पाखडत होती.

"आत्याबाई व्हय? त्यास्नी जाऊन तीन वर्सं झाली की. तुमी कोन?"

"नाशिकचा. जुनी ओळख होती," एवढंच तो म्हणाला. भागीबाईने घोंगडी टाकली, पाणी दिलं. तो तांब्या हातात धरून बसला. आलो कशाला, हे आठवल्यावर त्याने ओढ्याकडे बोट केलं.

"त्या काड्यांना काय म्हणता तुम्ही?"

"त्ये? त्ये मियाभाईचं गवत."

"कोण मियाभाई?"

"नाशकाला व्हता म्हनं कुनी कल्हईवाला. आत्याबाई त्याच्यासाठी कापायच्या. आता समदी वाडी तसंच म्हनती. त्याच्या आधी त्याला नावच नव्हतं. ढोरं तोंड लावत नाय, कोन नाव ठेवील?" भागीबाई सूप थांबवून म्हणाली, "लय येडी बाई. त्यानं नगं म्हनल्यावरबी दर साली एक भारा कापून वाळवायची. मी म्हनायची, कशापायी हात सोलून घेता? तर म्हनायची, निरोप आला तर वली काडी थोडीच द्यायची?"

लियाकतने तांब्या खाली ठेवला. तेव्हा भागीबाईने त्याच्याकडे नीट पाहिलं. पांढरी दाढी, कथलाने डागळलेली बोटं.

"तुमीच का वो ते?"

त्याने मान हलवली.

"मंग एक निरोप धाडायचा व्हता," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. त्यालाच वाटलं, असता तर बरं झालं असतं.

तिने चहा केला. निघताना तो ओढ्यात उतरला, पण काडी मोडली नाही.

आठवड्याने लताबाई आल्या, तेव्हा त्याने घडलं ते सगळं सांगितलं. त्या कागद पुढ्यात घेऊन थांबल्या.

"विठाबाईचं म्हणणारे तुम्ही एकटेच ना? वाडीतलं नाव मात्र घेता येईल. सगळी वाडी म्हणते, म्हणजे ते चालू नाव झालं." त्यांनी 'मियाभाईचं गवत' लिहिलं आणि पुढे 'पितळ उजळण्यासाठी' अशी नोंद केली. "आणि नाव सांगणारी व्यक्ती? इथं तुमचं घालते."

"माझं नको," लियाकत म्हणाला. "विठाबाई घाला. ओहळवाडी, तालुका सिन्नर."

"पण त्या तर..."

"तिनंच सांगितलं. मला उशिरा ऐकू आलं."

लताबाईंनी तसं लिहिलं, चष्मा काढून पिशवीत ठेवला आणि त्या गेल्या. रस्त्यावर टांगेवाल्यांचा गलका चालू होता. लियाकतने पायरीवरची धूळ फडक्याने झटकली आणि भात्याशेजारी जाऊन बसला. तिन्हीसांजेपर्यंत दुकानात दुसरं कुणी आलं नाही.